आपाचे कागद विकायचे नाहीत

मृत्युपत्र

अल्लाहचे नाव घेऊन लिहायला बसले आहे. मी म्हणजे 'आपा आणि धाकटी' या शिवणकामाच्या दुकानातली धाकटी. वय साठीच्या पुढे, अविवाहित, व्यवसाय कापड बेतणे. डोके ठिकाणावर आहे, हात स्थिर आहे, चष्मा लावला की सुईत दोरा एका झटक्यात जातो. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाक दाखवलेला नाही. गोड बोलून वळवू पाहणारे होते, त्यांचा उल्लेख पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करायचा विचार नाही.

वकीलबाईंनी मला छापील नमुना दिला होता. त्यात काय द्यायचे आणि कोणाला द्यायचे एवढीच जागा होती. का द्यायचे आणि का द्यायचे नाही, याला एक ओळसुद्धा नव्हती. माझ्याकडे मालमत्ता थोडी आहे आणि कारणे भरपूर, म्हणून मी स्वतःच्या कागदावर लिहिले. मला कधी मोठ्याने भांडता आले नाही. आमच्यात भांडायचे काम थोरल्या बहिणीचे आणि बेतायचे माझे, अशी वाटणी होती. ती गेल्या वर्षी छातीच्या दुखण्याने गेली. आता दोन्ही कामे माझ्याकडे आली आहेत आणि त्यातले एक मला नवीन आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

कलम एक : वारस

अम्मी-अब्बा जाऊन फार वर्षे झाली. मला नवरा नाही, मूल नाही. बहीण गेली, तिला सगळे आपा, म्हणजे ताई, म्हणत, मीही इथे तेच लिहीन. उरला एक भाऊ, भाईजान. आमच्या धर्माच्या कायद्याप्रमाणे माझ्या मालमत्तेतला एक तृतीयांश भाग मी मर्जीप्रमाणे कोणालाही देऊ शकते. बाकीचे वारसाचे, म्हणजे भाईजानचे. हा नियम मला मान्य आहे आणि त्यातून पळवाट काढायचा माझा हेतू नाही.

भाईजान माणूस वाईट नाही. त्याच्या घरात बोलतो त्याचा मुलगा, आणि भाईजान मान हलवतो, एवढेच. त्या मुलाला मी मॅनेजर म्हणते. तो कुठेही मॅनेजर नाही. पण आपल्या घरी पाणी मागतानासुद्धा तो "आपण असं करूया" म्हणून सुरुवात करतो, त्यामुळे ते नाव त्याला बसले.

कलम दोन : घर

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि बाल्कनी हे सगळे भाईजानला जाईल. बाहेरच्या खोलीतला उभा आरसा मात्र त्यात धरू नये. तो दुकानात काजे आणि हातशिलाई करणाऱ्या बाईंना द्यावा. आम्ही त्यांना काजवाली म्हणतो, त्याही स्वतःला तसेच म्हणवतात.

त्या आरशासमोर आपा रोज सकाळी उभी राहायची. राखाडी लांब कोट, त्यावर मोहरीच्या रंगाचा स्कार्फ, किंवा गडद निळ्यावर बदामी. स्कार्फ आधी डोक्यावरून घ्यायची, मग एक टोक लांब, एक आखूड, लांब टोक हनुवटीखालून फिरवून उलट्या खांद्यावर, आणि टाचणी अशा जागी की शोधून सापडू नये. मी दारात पर्स घेऊन ताटकळत उभी. मी म्हणायची, "आपा, दुकानात जायचंय, लग्नाला नाही."

"झाकायचं मी ठरवलंय," ती म्हणायची. "गबाळं दिसायचं कधी ठरवलं?"

मी जन्मभर काळे घातले. याचे कारण इथे लिहून ठेवते, कारण आपा गेल्यावर भेटायला आलेल्या बायकांनी त्याचा भलताच अर्थ लावला. मला रंग निवडता येत नाहीत. कपाटासमोर उभी राहिले की मी गोंधळते. काळ्याला काळे जुळते, म्हणून काळे. यात नेकी वगैरे काही नाही.

कलम तीन : आपाचे कपडे, आणि ते का उरले नाहीत

आपाला दफन करून आल्यावर घर पाहुण्यांनी भरले होते. मामी खुर्चीत बसल्या होत्या. माझ्याकडे बोट दाखवून शेजारणीला म्हणाल्या, "ही धाकटी बघा, किती साधी. थोरलीला फार सोस होता हो. रंग काय, पिना काय. बाईने एवढं नटू नये." मी पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी होते.

याच मामींच्या तिन्ही मुलींचे लग्नातले स्कार्फ आपाने शिवले. पडता कामा नये, मान अवघडता कामा नये, फोटोत चेहरा मोकळा दिसला पाहिजे आणि लोकांनी विचारलं पाहिजे कुठून घेतला, अशा चारही अटी मामींच्याच होत्या. तेव्हा सोस नव्हता. तेव्हा "आपा, तुझ्या हातात जादू आहे" होते.

आणि बाहेरचे लोक काही निराळे नाहीत. आपा तरुणपणी एका कार्यालयात टंकलेखिका म्हणून मुलाखतीला गेली होती. साहेब म्हणाले, "तुम्ही हुशार आहात, पण हे डोक्यावरचं जरा मागासलेलं वाटतं." आपाने विचारले, "टंकलेखन डोक्यावरून करायचंय का?" नोकरी मिळाली नाही, म्हणून दुकान निघाले. म्हणजे एका बाजूचे म्हणणार, काढून टाक. दुसऱ्या बाजूचे म्हणणार, घाल, पण मेल्यासारखी घाल. आपा दोघांच्या मधून व्यवस्थित इस्त्री केलेल्या कपड्यांत चालत गेली, हेच दोघांना खटकले.

पाहुणे गेल्यावर भाईजानच्या बायकोने, म्हणजे भाभीने, कपाट उघडले. मी आतल्या खोलीत पडले होते. उठून आले तेव्हा आपाचे सगळे स्कार्फ एका चादरीत बांधून झाले होते. "बघून बघून तुम्हाला त्रास होईल, म्हणून," भाभी म्हणाली. ती चादर कुठे गेली, हे मला आजपर्यंत कोणी धड सांगितलेले नाही. मॅनेजरची गाडी पुसायला एक बदामी क्रेपचा स्कार्फ वापरात आहे, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या क्रेपच्या चारही कडा आपाने हाताने दुमडल्या होत्या, कारण मशीनच्या टिपेने तो आखडतो.

म्हणून भाभीला माझ्या सामानातले काहीही मिळू नये. चादरसुद्धा नाही.

धुवायला टाकलेला एक स्कार्फ तेवढा वाचला, मोहरीचा. तो आमच्या ओळखीच्या नर्सबाईंना द्यावा असे मी इथे लिहिणार होते. पण त्या या मृत्युपत्राला साक्षीदार आहेत, आणि वकीलबाई म्हणतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. त्यामुळे तो मी त्यांना माझ्या हयातीतच देऊन टाकला. त्यांनी तो ड्यूटीवर घातला, ते आपाला आवडले असते.

कलम चार : कागद

आता मुख्य गोष्ट. दुकानाच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाट आहे. त्यात खाकी कागदावर बेतलेले नमुने आहेत. लांब कोटांचे, बाह्यांचे, आणि सर्वांत जास्त स्कार्फच्या आत घालायच्या टोपीचे. आम्ही त्यांना नुसते 'कागद' म्हणतो. हे मृत्युपत्र त्यांच्यासाठी आहे. बाकीचे सामान कोणीही तोंडीसुद्धा वाटून घेऊ शकले असते.

लहानपणीच्या तापात आपाचा उजवा कान पुरता गेला आणि डावा अर्धा. तिथे ती यंत्र लावायची. यंत्रावर कापड आले की शिट्टी वाजते, ज्यांनी लावले आहे त्यांना माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, स्कार्फ सैल बांधा. सैल बांधला की घसरतो. कित्येक वर्षे तिने एक तर घसरणारा स्कार्फ सोसला नाहीतर शिट्टी. मग एकदा मी होजिअरीच्या कापडाची टोपी बेतली. डाव्या कानापाशी एक फट, फटीवर विरळ मलमलच्या दोन पाकळ्या, एकीवर एक चढलेल्या. आवाज आत येतो, कान दिसत नाही, शिट्टी नाही. डावी फट मोठी आणि किंचित खाली, कारण यंत्र कानामागे लोंबायचे. उजवी फट लहान, नुसती हवेसाठी. आपाने टोपी घातली, स्कार्फ बांधला आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. परत येऊन म्हणाली, "धाकटे, समोरचा चष्मेवाला गुणगुणतो! मला इतकी वर्षं वाटायचं, तो नुसतंच तोंड हलवतो."

नंतर नर्सबाई आल्या. त्यांना वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितले होते, एक तर स्कार्फ ठेवा नाहीतर स्टेथोस्कोप. "दर वेळी कानात घालायला गाठ सोडते हो," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात पेशंट विचारतो, सिस्टर, अजून ऐकू येत नाहीये का? मी आहे ना?" आपा एवढी हसली की यंत्र निघाले. मग तिने नर्सबाईंचे दोन्ही कान मोजले. हनुवटीपासून कान, भुवईपासून कान, आणि कान डोक्याला किती चिकटून आहे ते. दोन्ही बाजू सारख्या कोणाच्याच नसतात. म्हणून आमच्याकडे तयार टोपी कधी विकली नाही. प्रत्येकीचा कागद वेगळा, आणि त्यावर आपाच्या पेन्सिलीत सूचना. 'हसली की गाल वर येतात, कडेला सैल सोड.' 'दिवसभर फोनवर बोलते, पाकळी दुहेरी नको.' गल्लीत आमची चेष्टा व्हायची की इथे बायका कान मोजायला येतात. होऊ दे. येत होत्या.

कलम पाच : कंपनीबद्दल

एका मोठ्या कपड्यांच्या कंपनीच्या बाई दुकानात आल्या. नाव लिहीत नाही, कारण त्यांचे नाव माझ्या मृत्युपत्रात यावे एवढी त्यांची लायकी नाही. स्टुलावर बसून सगळ्याला हात लावला. "किती अस्सल आहे हे! आम्ही हिजाब घालणाऱ्या महिलांसाठी एक श्रेणी काढतोय."

"श्रेणी म्हणजे?" आपाने विचारले.

"म्हणजे कपड्यांचा संच."

"मग कपडे म्हणा की. मला एकाच कानाने ऐकू येतं, सोपं बोला."

निघताना त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "एक विचारू? तुम्हाला गरम होत नाही का यात?"

"होतं," आपा म्हणाली. "तुम्हाला त्या टाचांवर दुखत नाही का?"

आपाने नमुना दिला नाही. तो दिला मॅनेजरने. घरी येऊन दोरीवर वाळत घातलेली आपाची स्वतःची टोपी उचलली आणि नेऊन दिली. आम्हा दोघी आत्यांना तो फुफू म्हणतो. विचारल्यावर म्हणाला, "नुसतं बघायला नेलंय हो फुफू. ओळखी वाढवायच्या असतात."

पुढच्या मोसमात बस थांब्यावर माणसाएवढा फोटो लागला. एक मुलगी, डोक्यावर आमची टोपी. पुढून केस बाहेर आलेले, स्कार्फ असा गुंडाळलेला की दोन पावले चालली तर गळून पडावा. तो तिचा दोष नाही, तिला कोणी शिकवले नव्हते. पण डावी फट मोठी आणि किंचित खाली होती. उजवी लहान. त्यांनी आपाची टोपी उसवून, तशीच्या तशी, हजारो बायकांसाठी बेतली होती. खाली लिहिले होते, 'एका बाजूची मोठी फट ही आमच्या शैलीची ओळख.'

आपा फोटोसमोर उभी राहिली. बस आली, गेली. मग म्हणाली, "धाकटे, हा माझा कान आहे."

ज्यांनी त्या टोप्या घेतल्या त्या बायका उजवा कान चोळत आमच्याकडेच येऊ लागल्या. आपाने त्यांच्या टोप्या उसवून नीट करून दिल्या. आणि एक दिवस म्हणाली, चल, विचारून येऊ.

कंपनीच्या इमारतीत खाली मोठी काच, पाण्याचे कारंजे आणि पास देणारा माणूस होता. तो म्हणाला, "मॅडम, पाससाठी फोटो लागतो. डोक्यावरचं काढा."

"चेहरा दिसतोय की."

"कानही दिसले पाहिजेत. नियम आहे."

आपा मला म्हणाली, "मी बरोबर ऐकलं का ग?" मी म्हटले, हो. मग ती त्या माणसाला म्हणाली, "माझा कान बघायचाय ना? मान वळवा. मागच्या भिंतीवर लावलाय तुम्ही." खरोखरच त्याच्या मागे तोच फोटो होता, छतापर्यंत.

त्या बिचाऱ्याने मान वळवली आणि वर फोन लावला. त्याच्यावर माझा राग नाही. राग त्या बाईंवर आहे, ज्या वरून खाली आल्या, दोघींना ओळखले, आणि म्हणाल्या, "सॉरी, नियम सगळ्यांना सारखा असतो." जे डोक्यावर घाला म्हणून विकायचे, तेच घालून आलेल्या बाईला दारात उतरवायला सांगायचे, आणि वर सारखेपणाच्या गोष्टी. त्यांनी आपाला मारले असे मी म्हणणार नाही. छातीचे दुखणे जुने होते. पण परत येताना तिने बसमध्ये यंत्र काढून पर्समध्ये टाकले. "आज एवढं पुरे," म्हणाली. त्यानंतर ती यंत्र पूर्वीसारखे रोज लावेनाशी झाली, ही गोष्ट मी त्या कंपनीच्या नावावर लिहून ठेवते.

कलम सहा : रद्दी

आपाच्या मागे तिच्या मालमत्तेची वाटणी झाली. भाईजानला दोन वाटे, मला एक. वकीलबाई लिहून घेत होत्या. मॅनेजर भाईजानच्या वतीने बोलत होता. बँकेतले भाईजानला, दागिने भाईजानला. मशीन आणि कात्री माझ्याकडे. वकीलबाईंनी कपाटाकडे बघून विचारले, "ह्या कागदांचं काय धरायचं?"

"धरायचं काय त्यात?" मॅनेजर म्हणाला. "रद्दी आहे. फुफूंच्या वाट्यात टाका, तेवढीच त्यांना आठवण."

भाईजानने मान हलवली. सह्या झाल्या.

काही आठवड्यांनी तोच मॅनेजर फळांची पिशवी घेऊन आला. याआधी त्याने आमच्या घरी फळ आणल्याचे मला आठवत नाही.

"फुफू, ते कागद नीट आहेत ना?"

"रद्दी का? आहे."

"तसं नाही हो. कंपनीचा निरोप आलाय. त्यांच्या टोप्या परत येतायत, सगळ्या मापांचे कागद हवेत त्यांना. किंमतही चांगली सांगितलीय. शिवाय नाव. 'आपा' असं नाव देणार, थोरल्या फुफूंचा फोटो लावणार. केवढा मान आहे!"

"आपा जिवंत होती तेव्हा तिला फोटोसाठी दारातून परत पाठवलं."

"जुनं काय उगाळायचं? आपण असं करूया, पुढचा विचार करूया."

मी नाही म्हटले. त्याने पिशवीतले सफरचंद काढले, माझ्याच सुरीने कापले, खाल्ले आणि म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही आहात तोवर राहू द्या. नंतर अब्बांकडेच येणार ना सगळं?"

हे मृत्युपत्र त्या वाक्यामुळे लिहिले जात आहे. माझी बहीण गेली, तिची टोपी दोरीवरून गेली, स्कार्फ चादरीत गेले. आता हा मुलगा माझ्या समोर बसून माझ्या मरणाची वाट बघत सफरचंद खात होता.

कलम सात : कागदांची विल्हेवाट

मी वकीलबाईंकडे गेले आणि म्हटले, कागद काजवालींच्या नावे करा. त्यांनी पेन खाली ठेवले.

"अडचण आहे. कंपनीने किंमत सांगितली म्हणजे आता ते रद्दी नाहीत. ती किंमत धरली तर कागद तुमच्या एक तृतीयांशात बसत नाहीत. भाईजानांनी हरकत घेतली तर बराच भाग त्यांच्याकडे जाईल."

"म्हणजे कंपनीकडे."

"म्हणजे कंपनीकडे."

"मग किंमत उतरवायची कशी?"

"तो सल्ला मी देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पण जी वस्तू घरोघरी असते, ती विकत कोण घेतं?"

त्याच संध्याकाळी काजवालींनी दुकानाच्या दारावर पाटी लावली : 'आपाचे कागद उतरवून घ्यायचे असतील त्यांनी खाकी कागद आणि पेन्सिल घेऊन यावे. कान मोजायला शिकवले जाईल.'

पहिल्यांदा कोणी आले नाही. मग नर्सबाई त्यांच्या वॉर्डातल्या दोघींना घेऊन आल्या. मग शाळेतल्या बाई, मालवाहू गाडी चालवणारी एक, कानाला यंत्र असलेली एक कॉलेजची मुलगी, जी स्कार्फ घालत नव्हती पण थंडीच्या टोपीला तीच फट हवी होती. समोरच्या गल्लीतली शिंपीण आली, जी आमच्या गिऱ्हाईकांवरून आपाशी कित्येक वर्षे बोलत नव्हती. दारातच उभी राहिली. "मला पण मिळेल का?"

"पेन्सिल आणलीय का?" मी विचारले.

"आणलीय."

"मग बसा. तिथे उजेड चांगला आहे."

आपाचे नमुने अनोळखी पिशव्यांतून बाहेर जाताना बघणे सोपे नव्हते. काही वेळा मी मागच्या खोलीत जाऊन बसले. बायका रेषांबरोबर आपाच्या सूचनाही उतरवून घेत होत्या, जशाच्या तशा. एकीने 'आज धाकटी कशावरून तरी रुसली आहे, तिला विचारायचे' हेसुद्धा उतरवले. मी म्हटले, अहो, ते मापाचं नाही. ती म्हणाली, "असू दे, कशाचं तरी असेल."

मॅनेजरची बायकोही एकदा येऊन गेली. "अम्मींना सांगू नका," म्हणाली, म्हणजे तिच्या सासूला, भाभीला. तिचा उजवा कान त्या विकतच्या टोपीने लाल झाला होता. मी तिला स्वतः मोजून दिले. तिच्याशी माझे भांडण नाही, हे इथे स्पष्ट नमूद करते.

कपाटातला एकही कागद आता असा नाही जो गावभर पसरलेला नाही. दोन शहरांत तर काही कागद टपालानेही गेले. कंपनीने मागच्या आठवड्यात कळवले की त्यांना यात आता रस उरलेला नाही. मॅनेजर दुकानात येऊन ओरडला. "फुकट वाटलंत? थोरल्या फुफूंची आयुष्यभराची मेहनत फुकट?" तिची मेहनत त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

वकीलबाईंनी त्याला शांतपणे सांगितले की आता त्या कागदांची किंमत त्याने वाटणीच्या वेळी सांगितली होती तीच धरावी लागेल. त्यामुळे ते माझ्या एक तृतीयांशात सहज बसतात.

सबब, मूळ कागद, कपाटासह, मी काजवालींना देत आहे. अट एकच. जी बाई पेन्सिल घेऊन येईल तिला ते उतरवू द्यावेत, ती कोण आहे, काय घालते, कोणाची बायको आहे, हे विचारू नये. 'आपा' हे नाव कोणाच्याही दुकानावर, डब्यावर किंवा भिंतीवर फोटोसह लावू नये. निम्म्या घरांत एक आपा असते. ते नाव माझे नव्हतेच, मग भाईजानचे कुठून होणार?

कलम आठ : हत्यारे वगैरे

मशीन आणि मोठी कात्री काजवालींना. कात्रीने कागद कापू नये, धार जाते, हे त्यांना माहीत आहे पण पुढच्यांना सांगावे. उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्ट्यांची पेटी समोरच्या गल्लीतल्या शिंपिणीला. दुकानाची जागा भाड्याची आहे. मालकीणबाईंनी भाडेकरार काजवालींच्या नावे करायचे कबूल केले आहे. बाकी जे उरेल ते भाईजानला. त्याने एकदा तरी मान आडवी हलवून बघावी, अशी त्याच्या धाकट्या बहिणीची इच्छा आहे.

कलम नऊ : माझ्याबद्दल

मला आपाच्या शेजारी जागा मिळाली तर बरे, नाही मिळाली तर तक्रार नाही. कफनाबद्दल आपा म्हणायची, एवढा एकच पोशाख फ्री साइज असतो, तिथे तरी कोणी माप काढणार नाही. माझ्या मागे भेटायला येणाऱ्यांना पाणी द्यावे, बसायला द्यावे. कोणी मला साधी होती म्हणू लागले, तर काजवालींनी कलम दोन मोठ्याने वाचून दाखवावे. आपाबद्दल कोणी वावगे बोलले, तर त्यांना उठवावे. खुर्ची मामींची असली तरी.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले, आणि मला मान्य आहे म्हणून खाली सही केली.

सही : धाकटी

ठिकाण : दुकानाची मागची खोली, बेतायचे टेबल
दिनांक : ६ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार एक, समोरचे चष्मेवाले : धाकट्या बाईंनी माझ्यासमोर सही केली. मजकूर मी वाचलेला नाही, वाचायला सांगितलेलेही नाही. मी गुणगुणतो हे दुकानात सगळ्यांना माहीत आहे, हे मला आज कळले.

साक्षीदार दोन, परिचारिका : सही माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने झाली. मी त्यांची कोणी नातेवाईक नाही आणि या मृत्युपत्रातून मला काही मिळत नाही. तब्येतीबद्दल लिहा असे वकीलबाईंनी सांगितले म्हणून लिहिते. पूर्ण शुद्धीवर आहेत. बोलणे सुसंगत, श्वास मोकळा, ताप नाही. नाडी बरीच जलद आहे. ती आजाराची नाही. मॅनेजर आत्ताच येऊन गेले.